सुरुवातीला चेहरा बिघडवणारं औषध

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात वाढलेल्या पोरापोरींची ‘अ’ जीवनसत्त्वाशी पहिली गाठ पडते ती नऊ महिन्यांच्या वयात. गोवराच्या लसीबरोबर उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत एक लाख युनिटचा डोस चमच्याने पाजला जातो आणि मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा. रातांधळेपणा आणि त्यापुढचं अंधत्व रोखण्यासाठी १९७० पासून या ना त्या स्वरूपात चालत आलेला हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. दुसरी गाठ पडते कॉलेजात गेल्यावर. गालावर-कपाळावर मुरमं उठतात, घरचे उपाय थकतात, कुणीतरी स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन जातं आणि चिठ्ठीवर एका छोट्या ट्यूबचं नाव येतं. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन किंवा टाझारोटीन. यातलं ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाचंच शरीरात तयार होणारं रूप, तर बाकीची दोन त्याचं काम करू शकतील अशी प्रयोगशाळेत घडवलेली रसायनं. या सगळ्या कुटुंबाला रेटिनॉइड म्हणतात.

पहिल्या भेटीची आठवण कुणाला नसते. दुसरीची असते, आणि ती बहुतेक वेळा कडू असते. ट्यूब लावून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच चेहरा चुरचुरू लागतो, नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर पोपडे सुटतात, होती त्यापेक्षा जास्त मुरमं दिसू लागतात. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘औषध उष्ण पडलं.’ ट्यूब कपाटात जाते. मग पार्लरमधून, मैत्रिणीकडून किंवा मोबाइलवरच्या फोटोवरून दुसऱ्या एका ट्यूबचं नाव कळतं, मेडिकलमध्ये ती मिळूनही जाते आणि आठवड्याभरात चेहरा असा काही उजळतो की नातेवाईक विचारू लागतात. आता गंमत अशी, की या दुसऱ्या ट्यूबमध्येही बहुधा तेच ट्रेटिनॉइन असतं. फक्त त्याच्या सोबतीला आणखी दोघं असतात आणि सगळा घोटाळा त्या दोघांपाशी आहे. चांगलं औषध सुरुवातीला त्रास देतं आणि घातक मिश्रण सुरुवातीला सुख देतं. हे का, ते समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

त्वचेचा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा संबंध उलट्या बाजूने सापडला, म्हणजे ते नसलं तर काय होतं हे पाहताना. १९१३ मध्ये मॅकॉलम आणि डेव्हिस या अमेरिकी संशोधकांनी लोण्यातल्या आणि अंड्याच्या बलकातल्या या वाढीला लागणाऱ्या घटकाचा शोध लावला. १९२५ मध्ये वोलबाख आणि होव यांनी हा घटक न मिळालेल्या उंदरांच्या शरीरातली अस्तरं तपासली. श्वासनलिकेचं, ग्रंथींच्या नळ्यांचं जे अस्तर ओलसर आणि मऊ असायला हवं ते कातडीसारखं कोरडं, राठ होऊन बसलं होतं. पुढे १९३३ मध्ये निकोल्स यांनी कुपोषित मजुरांच्या त्वचेचं वर्णन केलं. कोपर, गुडघे, मांड्या यांवर प्रत्येक केसाच्या मुळाशी खरखरीत काटा. बेडकाच्या पाठीसारखी दिसते म्हणून त्यांनी या अवस्थेला फ्रायनोडर्मा म्हटलं. ही अवस्था एकट्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होत नाही, स्निग्धाम्लं आणि ‘ब’ गटाची कमतरताही तिच्यामागे असते, हे नंतर कळलं. पण केसाच्या मुळाशी पेशी चिकटून बूच बसतं, हे निरीक्षण डॉक्टरांच्या डोक्यात राहिलं, कारण मुरमाची सुरुवातही नेमकी तशीच होते.

चेहरा, छाती आणि पाठ इथल्या बारीक लवेच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. लवेच्या नळीच्या आतल्या भिंतीवरच्या पेशी रोज झडतात आणि तेलाबरोबर वाहून बाहेर पडतात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तेल वाढतं आणि त्याच वेळी या पेशी सुट्या झडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहू लागतात. नळीत डोळ्याला न दिसणारं बूच तयार होतं. त्याच्या मागे तेल साचतं, त्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहणारा जिवाणू फोफावतो, सूज येते आणि आपल्याला मुरूम दिसतं ते तेव्हा. म्हणजे आरशात आज दिसणाऱ्या पुळीची सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेत ठिबकचा ड्रिपर क्षारांनी चोंदला तर शेतकरी लॅटरल बाहेरून धूत बसत नाही. तो आतून आम्ल सोडतो. मुरमांच्या बाबतीत मात्र आपण दिवसातून चार वेळा फेसवॉश लावून बाहेरच घासत असतो.

आतून काम करणारं औषध १९६९ मध्ये आलं. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचाविज्ञान तज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी फुल्टन आणि प्लेविग यांच्यासह ‘अ’ जीवनसत्त्वाचं आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन, मुरमांवर लावून पाहिल्याचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या कथेला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. क्लिगमन यांच्या अनेक प्रयोगांची जागा होती फिलाडेल्फियाचा होम्सबर्ग तुरुंग. १९५१ ते १९७४ या काळात तिथल्या कैद्यांच्या पाठीवर-हातांवर नाना रसायनं लावून पाहिली गेली. कैद्यांमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती आणि आपल्यावर काय लावलं जातंय याची धड कल्पना अनेकांना नव्हती. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने आणि २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने याबद्दल माफी मागितली. क्लिगमन तोवर हयात नव्हते.

सुरुवातीला डॉक्टरांनाही वाटे, की हे औषध त्वचा सोलून काढतं आणि म्हणून मुरमं कमी होतात. खरं कारण १९८७ मध्ये उलगडलं. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे पिएर शांबाँ यांच्या गटाने आणि कॅलिफोर्नियात रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, पेशीच्या केंद्रकातलं एक प्रथिन शोधलं. रेटिनॉइक आम्लाला पकडणारा हा ग्राही. ट्रेटिनॉइनचा रेणू पेशीत शिरतो, केंद्रकापर्यंत पोचतो आणि या ग्राहीला जाऊन चिकटतो. ग्राही डीएनएवर ठरावीक जागी बसलेला असतो. त्याची जोडी जमली, की काही जनुकं चालू होतात, काही बंद पडतात. नळीतली पेशी कशी वाढायची, कधी परिपक्व व्हायची, शेजारणीला किती घट्ट धरायचं, हा सगळा कार्यक्रम बदलतो. पेशी पुन्हा सुट्या सुट्या झडू लागतात आणि नवीन बूच बसत नाही. पोपडे सुटणं हा या बदलाचा आनुषंगिक त्रास आहे. पोपडे जितके जास्त तितका गुण जास्त, असा काही हिशेब नाही.

पेशीला परिपक्व व्हायला लावण्याची ही ताकद किती मोठी आहे ते शांघायमध्ये दिसलं. वांग झेन्यी या डॉक्टरांनी १९८५ मध्ये एका जीवघेण्या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात हेच ट्रेटिनॉइन गोळीच्या रूपात दिलं. अर्धवट वाढून अडकलेल्या कर्करोगी पेशी मारल्या गेल्या नाहीत, त्या मोठ्या झाल्या आणि साध्या पांढऱ्या पेशींसारख्या वागू लागल्या. त्या आजारात आजही हे औषध पायाचं मानलं जातं. आपण झोपायच्या आधी चेहऱ्यावर लावतो ती वस्तू कॉस्मेटिक नाही, एवढं लक्षात यायला हे पुरेसं आहे.

जनुकांमार्फत होणारं काम सावकाश होतं. बाह्यत्वचा पूर्ण नवी व्हायला साधारण महिना लागतो. आधीच तयार असलेली, आत दडलेली बुचं या काळात भराभर वर येतात आणि फुटतात. म्हणून दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मुरमं वाढल्यासारखी दिसू शकतात. खरा गुण आठव्या ते बाराव्या आठवड्यात दिसू लागतो. तीन महिने वाट पाहायची आणि त्यातला पहिला दीड महिना आधीपेक्षा वाईट जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं तर माणूस टिकतो. ओपीडीत रांग लागलेली असताना एवढं बोलायला वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. पण माझ्या मते या उपचारात चिठ्ठीपेक्षा ही दोन वाक्यं जास्त मोलाची आहेत.

त्रास कमी ठेवण्याचे मार्ग साधे आहेत. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं औषध पुरतं. ते पुळीवर टिकलीसारखं लावायचं नसतं, सगळीकडे पातळ पसरायचं असतं, कारण बुचं सगळीकडे आहेत. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री, मग एक दिवसाआड, मग सोसेल तसं रोज. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, वीस मिनिटं गेली तरी चालतील. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि आग होते. वर किंवा आधी साधं मॉइश्चरायझर लावलं तर बिघडत नाही. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांची घडी, ओठांचे कोपरे टाळायचे. ट्रेटिनॉइन उजेडात मोडतं म्हणून रात्रीच लावतात. मुरमांवरचं दुसरं नेहमीचं औषध, बेंझॉइल पेरॉक्साइड, ट्रेटिनॉइनच्या जुन्या प्रकारांना निकामी करतं, म्हणून दोन्ही एका वेळी लावू नयेत. ॲडापलीन मात्र उजेडात आणि पेरॉक्साइडसोबतही टिकतं आणि चुरचुरतंही कमी. अमेरिकेत २०१६ पासून ०.१ टक्का ॲडापलीन चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे रेटिनॉइड डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं, आणि त्यामागे निव्वळ कायद्याचं कारण नाही.

कारण गर्भाचं आहे. रेटिनॉइड गोळ्या, विशेषतः तीव्र मुरमांसाठी १९८२ पासून वापरात आलेलं आयसोट्रेटिनॉइन, गरोदरपणात घेतल्या तर बाळाच्या चेहऱ्यात, हृदयात, मेंदूत गंभीर व्यंगं येऊ शकतात. पेशींना घडवण्याची सूचना देणारा रेणू, जिथे सगळंच घडत असतं तिथे गेला तर काय होईल ते सांगायला नको. मलमातून रक्तात जाणारं प्रमाण फार कमी असतं, तरीही गरोदरपणात आणि मूल हवं असताना मलमही टाळतात. टाझारोटीन तर पूर्ण वर्ज्य. आपल्याकडे मुरमांची ट्यूब सुरू असतानाच लग्न ठरतं आणि ट्यूब तशीच सासरी जाते. नव्या सुनेने हा विषय डॉक्टरांपाशी काढायला हवा आणि डॉक्टरांनी तिने काढण्याची वाट पाहू नये.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर पार्लरचंही सांगतो. रेटिनॉइड चालू असताना त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर पातळ आणि घट्ट होतो. अशा चेहऱ्यावर वॅक्स लावून ओढलं तर वरची कातडी सोलून निघू शकते. फेशियल, ब्लीच, वॅक्स करायचं असेल तर आधी काही दिवस ट्यूब थांबवायची. आणि महिन्यावर लग्न आलंय म्हणून आज रेटिनॉइड सुरू करणं म्हणजे ऐन हळदीच्या दिवशी पोपडे सुटण्याची व्यवस्था करणं. हे औषध साखरपुड्याच्याही आधी सुरू करायचं असतं.

मृत थर पातळ होतो म्हटल्यावर ‘रेटिनॉइडने कातडी पातळ होते’ असा समज पक्का होईल, म्हणून लगेच पुढचं वाक्य. त्याखालची जिवंत बाह्यत्वचा जाड होते आणि त्याहून खाली कोलॅजन वाढतं. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं, की उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर दहा ते बारा महिने ट्रेटिनॉइन लावल्यावर पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली, तर औषधाविना नुसतं क्रीम लावलेल्यांत ती १४ टक्क्यांनी घटली. कातडी खरोखर पातळ करतं ते स्टेरॉइड. त्याच्याकडे येतोच.

तत्पूर्वी आपलं ऊन आणि आपला वारा. सांगली आणि सातारा विषुववृत्तापासून सुमारे १७ अंशांवर आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. ऑगस्टमध्ये ढग असतात म्हणून जाणवत नाही, पण अतिनील किरण ढगांतूनही बरेच खाली येतात. मृत थर पातळ झालेल्या चेहऱ्याला हे ऊन लवकर बाधतं. पोलिस भरतीसाठी पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत मैदानावर धावणारी मुलं-मुली, द्राक्षाच्या विरळणीला किंवा उसाच्या भांगलणीला जाणाऱ्या बायका, यांना ‘सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा’ हे सांगणं कागदावर ठीक आहे. त्यांच्यासाठी जाड विणीचा सुती स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी हीच मुख्य भिस्त. सनस्क्रीन परवडत असेल तर सकाळी एकदा नीट, भरपूर लावावं. आणि आपल्या सावळ्या त्वचेत काळे डाग नुसत्या अतिनील किरणांनी पडत नाहीत, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानेही पडतात; तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. थंडीचं गणित वेगळं. डिसेंबर-जानेवारीत माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत हवा अशी कोरडी होते की औषध न लावताही गाल फुटतात. त्या दिवसांत रेटिनॉइडच्या रात्री कमी कराव्यात आणि मॉइश्चरायझर वाढवावं. कपाळापर्यंत ओघळणारं डोक्याचं तेल मात्र बाराही महिने आवरतं घ्यावं. केसांच्या रेषेजवळची बारीक मुरमं पुष्कळदा त्या तेलाची असतात.

आता डाग आणि खड्डे. लोक दोन्हींना एकच समजतात, आणि निराशेचं निम्मं कारण तिथे आहे. मुरूम बसल्यावर राहिलेला सपाट, तपकिरी-काळा ठिपका हा डाग. सूज येऊन गेलेल्या जागी रंगद्रव्य जास्त सांडलं, इतकाच त्याचा अर्थ. सावळ्या त्वचेत हे डाग मुरमांपेक्षा जास्त छळतात. इथे रेटिनॉइड चांगलं काम करतं. १९९३ मध्येच कृष्णवर्णीय रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत ५४ जणांनी ४० आठवडे ट्रेटिनॉइन किंवा नुसतं क्रीम लावलं आणि ट्रेटिनॉइन लावलेल्यांचे डाग स्पष्टपणे फिकट झाले. ४० आठवडे म्हणजे नऊ महिने, हेही वाचताना सोडू नये. आग झाली, त्वचा भाजल्यासारखी झाली, तर त्या सुजेनेच नवे डाग पडतात, म्हणून आपल्या रंगाच्या त्वचेत घाई महागात पडते.

खड्डा म्हणजे आतलं कोलॅजन तुटून जागा खाली बसलेली. काही खड्डे सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतात, काही उभ्या कडांचे, काही उथळ आणि लाटांसारखे. यांवर मलमाचा उपयोग मर्यादित आहे, पण शून्य नाही. फ्रान्समधल्या ब्रिजिट ड्रेनो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत चेहऱ्याच्या एका बाजूला ०.३ टक्के ॲडापलीन आणि २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं मिश्रण, तर दुसऱ्या बाजूला औषध नसलेलं मलम, असं २४ आठवडे लावलं. औषधाच्या बाजूचे खड्डे १५.५ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या बाजूचे १४.४ टक्क्यांनी वाढले. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. मुरमांवर उपचार न करता सहा महिने काढले तर खड्डे आहेत तेवढेच राहत नाहीत, नवे पडतात. ‘वय आहे, जातील आपोआप’ म्हणणाऱ्या घरांसाठी हा आकडा आहे. मुरमं वयाबरोबर जातीलही. खड्डे जाणार नाहीत.

जुन्या, खोल खड्ड्यांसाठी सुयांनी बारीक छिद्रं पाडून कोलॅजन वाढवणं, खाली ओढून धरणारे तंतू सुईने सोडवणं, अरुंद खड्ड्यांच्या तळाशी तीव्र आम्लाचा थेंब टेकवणं, लेझर, असे उपाय आहेत. ते टप्प्याटप्प्याने करावे लागतात, खर्चिक आहेत आणि सगळं मिळूनही कातडी पहिल्यासारखी गुळगुळीत होईल असं प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. त्यासाठी दर वेळी पुणे-मुंबई गाठायला हवी असंही नाही. मिरज तर १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभ्या केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून दवाखान्यांचंच गाव आहे. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं. कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. अशा शिकवणाऱ्या संस्थांच्या त्वचारोग ओपीडीत कमी खर्चात नीट निदान होतं, आणि निदान हाच खरा मुद्दा असतो, कारण गालावरची प्रत्येक पुळी मुरूम नसते.

सांगलीबद्दल लिहायचं आणि हळदीला वगळायचं, हे इथल्या वाचकाला पटणार नाही. राजापुरी हळदीची एवढी मोठी बाजारपेठ, हरिपूरची पेवं, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन. शिवाय हळदीने जखम भरते यावरचं अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवून आणलं, हा अभिमानाचा इतिहास. हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण रेटिनॉइक आम्लाच्या ग्राहीला धरून नळीतलं बूच सोडवणं हे तिचं काम नाही. लेप लावायचा तर लावावा. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे मात्र रेटिनॉइड चालू असलेल्या चेहऱ्यावर चुकूनही नको, भाजतं.

आता त्या दुसऱ्या ट्यूबकडे. तिचा जनकही क्लिगमनच. १९७५ मध्ये त्यांनी विलिस यांच्यासह काळे डाग फिकट करणारं एक मिश्रण मांडलं. रंगद्रव्य बनू न देणारं हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का. कल्पना बुद्धिमान होती. ट्रेटिनॉइनमुळे हायड्रोक्विनोन आत शिरतं. ट्रेटिनॉइनची आग स्टेरॉइड विझवतं. आणि स्टेरॉइडने होणारा त्वचेचा ऱ्हास ट्रेटिनॉइन काही प्रमाणात रोखतं. या कल्पनेवर सौम्य स्टेरॉइड घालून बेतलेल्या मलमाला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली ती वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत आणि आठ आठवड्यांपुरती. आपल्या बाजारात त्याचे जे अवतार आले त्यांत मोमेटासोन हे त्याहून जोरकस स्टेरॉइड असतं, आणि लोक ते वांगासाठी न वापरता गोरं होण्यासाठी, मुरमांसाठी, कशासाठीही, महिनोन्महिने, वर्षानुवर्षं फासतात.

पहिले काही आठवडे सगळं गोड असतं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लाली जाते, सूज दबते, मुरमंही दबतात. ट्रेटिनॉइनची चुरचुर तर जाणवतच नाही. म्हणून ज्याने आधी साधं ट्रेटिनॉइन सोडून दिलेलं असतं त्याला वाटतं, हेच खरं मानवलं. मग हळूहळू कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, स्टेरॉइडमुळे उठणारी एकसारखी बारीक मुरमं येतात. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ चालू राहिलं तर काही जणांत निळसर-काळे डाग पडतात, जे जाता जात नाहीत. आणि ट्यूब बंद केली की दोन-तीन दिवसांत चेहरा लालबुंद होऊन पेटतो. माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. कोलकात्याच्या लाहिरी आणि कुंडू यांनी २००८ मध्ये या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं नाव दिलं. २०११ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आलेल्या बहुकेंद्री अभ्यासात चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. सातांत एक.

कायद्यातही बरीच वर्षं फट होती. चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांची यादी म्हणजे शेड्यूल एच. पण तिथल्या एका तळटीपेमुळे बाहेरून लावायच्या स्टेरॉइडना सूट मिळत होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची ती सूट काढून घेतली. नियम झाला. काउंटरवर किती बदललं ते ज्याने त्याने आपल्या गल्लीतल्या मेडिकलवर पाहावं.

बिनलेबलच्या डबीतलं क्रीम हा तर आणखी वेगळा धोका. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना किडनीचा विकार झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा कारण निघालं ते पार्लरमधून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीममधला पारा. पारा रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. तोच त्वचेतून रक्तात जाऊन किडनीच्या गाळण्या खराब करतो.

तिहेरी मिश्रण आधीच काही महिने लावत असाल तर ते आज रात्री एकदम बंद करू नका, चेहरा पेटेल. जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना ट्यूब खोक्यासकट घेऊन जा, कारण ‘ती पांढरी-गुलाबी ट्यूब’ एवढ्यावरून काही ठरत नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही छापलेलं असेल तर ते स्टेरॉइड. डॉक्टर बहुधा त्याचा जोर टप्प्याटप्प्याने उतरवतात, सूज कमी करणारं बिगरस्टेरॉइड मलम देतात, काही वेळा पोटातून गोळ्याही. चेहरा शांत व्हायला आठवडे लागतात, जुनी सवय असेल तर महिने. तोवर साधं रेटिनॉइडही लावायचं नसतं. सोललेल्या त्वचेला ते सोसत नाही. कातडी पूर्ववत झाल्यावर मुरमं उरली असतील तर कमी ताकदीचं ॲडापलीन, आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, असं पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.